मास्तरांची वही

माझे आजोबा वैजापूर भागात, घोगरगावच्या बाजूला मास्तर होते. शाळेचे मास्तर आणि मिशनचे मास्तर, दोन्ही एकच. दिवसा पोरांना बाराखडी शिकवायची, रात्री कंदिलाभोवती बसून मोठ्या माणसांना प्रार्थना. त्यांची एक वही माझ्याकडे आहे. डाव्या बाजूला नावं, पुढे चौकटी: स्वर्गातल्या बापाची प्रार्थना, नमो मरिया, विश्वासांगीकार, दहा आज्ञा. जे पाठ झालं त्यावर खूण. एका गृहस्थाच्या ओळीत पहिली खूण आणि शेवटची खूण यांच्यात तीन पावसाळे गेलेत. समासात आजोबांनी लिहिलंय, ‘सुगीत येत नाही. सुगीनंतर पुन्हा आला.’

कॅथलिक श्रद्धेकडे आमच्याकडची मोठी माणसं कशी आली, असं मला कुणी विचारलं तर मी ही ओळ दाखवते. पेरणी, खुरपणी, सुगी यांच्या मधल्या फटींतून ती माणसं आली. थांबून, पुन्हा येऊन.

छापलेल्या इतिहासात ही फट दिसत नाही. तिथे फादर दिसतात, आणि त्यांचे कष्ट खरेच होते. फ्रान्समधल्या अनेसी गावात 1838 मध्ये फादर पीटर मर्मिए यांनी संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने मिशनऱ्यांचा संघ काढला. त्या संघाचे लोक 1846 मध्ये विशाखापट्टणमला उतरले आणि पुढे नागपूरमार्गे निजामाच्या मुलखात पोचले. औरंगाबाद-जालन्याच्या छावण्यांतल्या कॅथलिक शिपायांसाठी पाद्री येतच असत. 1890च्या दशकात काम छावणीबाहेर, घोगरगावसारख्या खेड्यांत गेलं. फादर गुरियन जॅकिए यांचं नाव तर वैजापूरकडचे हिंदू शेतकरीही अजून आदराने घेतात.

औरंगाबाद शहरातलं कॅथेड्रल ज्या संताच्या नावाचं आहे, त्याची गोष्ट इथे सांगायलाच हवी. 1594 मध्ये फ्रान्सिस डी सेल्स हा तरुण धर्मगुरू शाब्ले प्रांतात गेला. लोक प्रवचनाला यायला घाबरत. मग त्याने आपलं म्हणणं कागदावर लिहून घराघरांच्या दाराखालून आत सरकवायला सुरुवात केली. पुढे 1923 मध्ये पोपनी त्याला लेखक-पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवलं. आमच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीत असा कागद सरकवून काय होणार होतं? वाचणार कोण? त्या काळी निजामाच्या सरकारी शाळेत उर्दू चाले, आणि त्या शाळेचं दारही आमच्या माणसांना सहज उघडत नसे. म्हणून कागदाचं काम मास्तरांच्या तोंडाने केलं. माझ्या मते मराठवाड्यातल्या कॅथलिक समाजाचा खरा पाया या बिननावाच्या मास्तरांनी घातला.

त्यांची रीत नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओव्यांत रचलेलं ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये गोव्यात छापलं गेलं. त्यात ऐकणारे शंका काढतात आणि पाद्रीगुरू उत्तर देतात. तो ग्रंथ आमच्या वस्तीपर्यंत आला नाही, पण जमिनीवर बसून आधी कथा, मग प्रश्न, हा शिरस्ता तोच होता. कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला तो परका वाटला नाही.

‘भाकरीसाठी धर्म बदलला’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले. 1899-1900चा दुष्काळ या मुलखाने भयंकर भोगला. मिशनच्या दारी भुकेली माणसं आली, हे नाकारायचं कशाला? भुकेल्याने अन्नाच्या दारी जावं यात लाज कसली! वेठबिगारीतून सुटका, पोराला अक्षर, पाटलासमोर आपल्या बाजूने बोलणारा कुणीतरी, हेही हवंच होतं. पण भाकरीसाठी आलेला माणूस दुष्काळ सरल्यावर तीन पावसाळे प्रार्थना पाठ करत कशाला बसेल?

वैजापूरला लागूनच येवला. तिथेच 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. पुढे 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि आमच्या कितीतरी घरांत एक भाऊ बौद्ध, एक ख्रिस्ती अशी वाटणी झाली. भाऊबंदकी तुटली नाही. लग्नात दोन्हीकडचे जेवायला असतात.

दरम्यान 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. त्यामुळे आज काही माणसं वर्षानुवर्षं मिस्सेला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि बाप्तिस्म्यापर्यंत जात नाहीत. कुणी त्यांना भित्रे म्हटलं की मला राग येतो. मुलांच्या शिक्षणाचा हिशेब करणाऱ्या आईला भित्री म्हणू नये.

गंमत अशी की, मोठ्या माणसाने थांबत थांबत यावं ही चर्चची सगळ्यात जुनी चाल. सुरुवातीच्या शतकांत ही तयारी तीन वर्षंसुद्धा चाले. संत ऑगस्टीन 387 मध्ये, वयाच्या 32व्या वर्षी मिलानमध्ये बाप्तिस्मा घेते झाले, तोवर त्यांची आई मोनिका वर्षानुवर्षं वाट पाहत होती. मधल्या काळात ही चाल मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती परत आणायला सांगितली. कुणावर जबरदस्ती करू नये, कुणाला आमिष दाखवू नये, हेही 1965 मध्ये स्पष्ट लिहिलं. 1972 मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा सविस्तर विधी आला.

आता माणूस आधी नुसता विचारायला येतो. मग चर्चच्या दारात त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण करतात. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी त्याची निवड जाहीर होते. तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या रविवारी त्याच्यासाठी विशेष प्रार्थना. ईस्टरच्या आदल्या रात्री, अंधारात पेटवलेल्या मेणबत्तीच्या उजेडात, बाप्तिस्म्याचं पाणी, दृढीकरणाचं तेल आणि पहिला ख्रिस्तप्रसाद, तिन्ही एकाच रात्री. निवृत्त झाल्यापासून मीही अशा तयारीला बसणाऱ्यांना मदत करते. कुणी नर्स असते, कुणी लग्नाआधी समजून घ्यायला आलेला तरुण. कुणी दोन महिने येऊन थांबतं. मी वहीत त्यांचं नाव खोडत नाही. सुगीनंतर माणूस परत येतो, हे मी आजोबांच्या समासात वाचलंय.

1977 मध्ये मराठवाड्यासाठी औरंगाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. त्याला 50 वर्षं होत आली, आता स्मरणिका निघतील, फोटो छापले जातील. वाचकहो, तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत अशा एखाद्या मास्तरांची वही, हजेरीपट, प्रार्थनेचं फाटकं पुस्तक असेल तर रद्दीत घालू नका. पावसाळ्याआधी खाली काढा, ऊन दाखवा, प्रत्येक पानाचा फोटो घ्या, आणि आपल्या चर्चच्या कार्यालयात नेऊन दाखवा. समासातही पाहा, काही लिहिलेलं असेल.