गाळाची साक्ष

सर्बियन गणिती मिलुटिन मिलांकोविच यांनी पहिल्या महायुद्धात बुडापेस्टच्या नजरकैदेत पृथ्वीच्या कक्षेचे व अक्षाच्या कलाचे गणित पुढे नेले. हिमयुगांचे मूळ त्यात आहे, असे ते म्हणत. पुष्कळ विद्वानांनी ते मानले नाही. १९५८ साली ते निवर्तले.

पुरावा सागरतळीच्या गाळात होता. हलक्या प्राणवायूचे पाणी बर्फ होऊन भूमीवर अडकले, की सागरात जड प्राणवायूचे प्रमाण वाढते. सूक्ष्म जीवांच्या कवचांत त्याची नोंद राहते आणि ती कवचे तळाशी थरावर थर साचतात. दक्षिण हिंदी महासागरातील दोन गाळस्तंभांतून हेज, इंब्री व शॅकलटन यांनी साडेचार लाख वर्षांचा इतिहास वाचला आणि १९७६ साली प्रसिद्ध केला. मिलांकोविचांची आवर्तने तेथे उमटली होती! अठरा वर्षांचा हा उशीर मनाला लागतो. मात्र लाख वर्षांचे आवर्तन इतके प्रबळ का, याचा उलगडा त्यांच्या गणितानेही पुरता होत नाही.