शकुंतला आणि तिची आल्प्समधील बहीण

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली आश्रम स्थापन केला आणि गुरुकुंज मोझरी हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले. आगगाडी मात्र मोझरीला पोहोचली नाही. तरीही नकाशा पाहिला तर हे गाव दोन अरुंद लोहमार्गांच्या मधोमध दिसते. पूर्वेस वर्धा नदीपलीकडे पुलगाव–आर्वी हा ३५ किलोमीटरांचा मार्ग, तर पश्चिमेस मूर्तिजापूर–अचलपूर हा ७६ किलोमीटरांचा. मूर्तिजापूरहूनच दुसरा फाटा कारंजा, दारव्हा घेत ११३ किलोमीटरांवरील यवतमाळला जाई. मूर्तिजापूरच्या या गाडीला वऱ्हाडी माणसाने मायेने नाव दिले ‘शकुंतला’.

अरुंद लोहमार्ग म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर आल्प्सचे डोंगर उभे राहतात. तेथे रूळ अरुंद ठेवण्यास कारण आहे. तीव्र वळणे घेता येतात आणि कडे कमी फोडावे लागतात. वऱ्हाडात डोंगर कोठे होता? येथे कारण एकच, काटकसर. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग नागपूरला भिडला, पण आतल्या तालुक्यांतील कापूस बैलगाड्यांनीच मुख्य मार्गापर्यंत येई आणि पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतून बसत. तो कापूस कमी खर्चात बाहेर काढण्यासाठी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी हे ७६२ मिलिमीटर रुंदीचे मार्ग घातले. वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे जाई. आणि मँचेस्टरला १९२१ साली घडलेले वाफेचे इंजिन शकुंतलेला ओढण्यासाठी इकडे आले. १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत त्याने सेवा केली. त्यानंतर डिझेल इंजिन आले.

याच सुमारास ऑस्ट्रियात शकुंतलेची जणू एक बहीण जन्मास आली. सांक्ट प्योल्टन शहरापासून मारियाझेलपर्यंतचा हा मार्ग ८४ किलोमीटर लांब आणि ७६० मिलिमीटर रुंद; शकुंतलेहून अवघा दोन मिलिमीटर अरुंद! मारियाझेल हे पवित्र मरियेचे पुरातन तीर्थस्थान. परंपरा त्याचा आरंभ ११५७ सालचा सांगते. तेथील लाकडी मूर्तीच्या दर्शनास भाविक डोंगर तुडवीत पायी जात. १९०७ साली गाडी तेथे पोहोचली आणि १९११ साली ती विजेवर धावू लागली. एक गाडी कापसासाठी, दुसरी भाविकांच्या सोयीची. तरी शकुंतलेनेही पुढे माणसेच वाहिली: दर्यापूर, अंजनगावचे बाजारकरी, विद्यार्थी, माहेरवाशिणी. तिचे तिकीट बसपेक्षा स्वस्त असे, हे गरिबाला पुरेसे होते.

मोटारींच्या युगात दोघींवरही संकट आले. ऑस्ट्रियातील मार्गाचे मारियाझेलपुढील टोक १९८८ साली बंद पडले. उरलेला मार्गही जाण्याची भीती होती, तेव्हा २०१० साली लोअर ऑस्ट्रिया प्रांताच्या परिवहन कंपनीने तो आपल्या हाती घेतला. २०१३ पासून त्यावर नवे डबे धावू लागले. त्या गाडीचे नाव आहे ‘स्वर्गाचा जिना’.

शकुंतलेच्या नशिबी असा धनी आला नाही. रूळ खासगी कंपनीचे, गाडी चालवायची सरकारी रेल्वेने, असा तिचा संसार. देशातील बहुतेक लोहमार्ग सरकारजमा झाले तरी ही व्यवस्था टिकली. मालकाला उत्पन्नाचा वाटा मिळे, पण खर्च करण्याची निकड नव्हती. चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या रुळांवर पैसा का घालावा हा प्रश्न. मधल्यामध्ये स्लीपर कुजले, वेग मंदावला. २०२० नंतर शकुंतला धावलेली नाही. पुलगाव–आर्वी मार्ग मात्र रुंद करण्याचे काम हाती घेतले गेले.

आम्हांस वाटते, शकुंतला अरुंदपणामुळे मेली नाही. अरुंद तर तिची बहीणही आहे. दोघींच्या मालकाने काय केले, एवढाच फरक. गावाने आपले हित स्वतः जपावे, ही तुकडोजी महाराजांची शिकवण मोझरीहून सर्वत्र गेली. शाळा असो, विहीर असो, की धर्मग्रामाचे जुने वाचनालय, ‘हे कोणाचे?’ या प्रश्नाला ‘आमचे’ असे उत्तर देणारा कोणी असेपर्यंतच ते जगते. अचलपूरच्या रुळांना तो मिळाला नाही.