पाणी पंचायत : माणशी अर्धा एकर

पुणे जिल्ह्यातल्या पुरंदर तालुक्याच्या पूर्व पट्ट्यात वर्षाचा पाऊस जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास. तोही मोजक्या सरींत कोसळतो आणि ओढ्यावाटे निघून जातो. १९७२च्या दुष्काळात इथली शेतकरी कुटुंबं सरकारी कामांवर खडी फोडत होती. पुण्यात अचूक मोजमापाची उपकरणं बनवणारा कारखाना चालवणारे अभियंता विलासराव साळुंखे तेव्हा या भागात फिरले. मजुरी मिळत होती, पण फोडलेल्या खडीने पुढचा दुष्काळ टळणार नव्हता. हेच हात माती-पाण्याच्या कामाला लागले तर?

हे करून दाखवायला त्यांनी याच तालुक्यातल्या नायगावात देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक, उताराची जमीन दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने घेतली. उतारावर समपातळी बांध, पायथ्याला पाझर तलाव, तलावाखाली विहीर आणि विहिरीतलं पाणी उचलून पुन्हा वरच्या शेतात, अशी मांडणी होती. माळावर पीक उभं राहिलं. १९७४मध्ये ‘ग्राम गौरव प्रतिष्ठान’ स्थापन झालं. त्यांच्या पत्नी कल्पनाताई साळुंखे या कामात बरोबरीने उभ्या राहिल्या.

खरी कसोटी पुढे होती. अडवलेलं पाणी कोणाचं? ज्याची विहीर त्याचं पाणी, ज्याची जमीन जास्त त्याचा वाटा जास्त, हा रिवाज तसाच ठेवला असता तर गावाच्या श्रमाचं पाणी चार बागायतदारांच्या उसात गेलं असतं. म्हणून या कामातून उभ्या राहिलेल्या ‘पाणी पंचायत’ चळवळीने आधी नियम ठरवले आणि मगच योजना हाती घेतल्या.

योजना गटाचीच, एकट्यासाठी नाही. पाण्याचा वाटा जमिनीवर नव्हे, माणसांवर : माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. भूमिहीनालाही वाटा मिळेल. ऊस, केळी, भात अशी जास्त पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. खर्चाचा साधारण अर्धा भार सरकारी अनुदानातून, तीस टक्के प्रतिष्ठानच्या बिनव्याजी कर्जातून आणि उरलेले वीस टक्के शेतकऱ्यांच्या खिशातून. गरिबालाही ही वर्गणी चुकत नसे, कारण पैसे घातलेला माणूस हिशेब विचारतो.

रोजचा कारभार पाटकऱ्याच्या हाती. पाळी कोणाची, पाणी किती वेळ, हे तो सांभाळायचा. पाण्याचा माणूस गटाने नेमलेला आणि गटानेच पगार दिलेला असल्यामुळे त्याला एखाद्या मोठ्या खातेदाराची मर्जी राखावी लागत नसे. वीजबिल, पाणीपट्टी, तंटे हे सगळं लाभधारकांच्याच समितीपुढे यायचं. हा विचार तालुक्याबाहेरही पोचला. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी उभारलेल्या बळीराजा धरणानेही भूमिहीनांसह सर्वांना समान पाण्याचं तत्त्व मानलं.

वाटचाल सरळ नव्हती. पुढच्या काळात वीज महागली, खासगी विहिरी आणि बोअर वाढल्या, नगदी पिकाची ओढ वाढली. शेजारी हवं ते पीक घेत असताना गटाच्या नियमात राहणं अवघड होतं, आणि अनेक योजना थंडावल्या. २००२मध्ये विलासरावांचं निधन झालं.

या कामाचा अर्धा भाग राज्याने उचलला. बांध, पाझर तलाव, नाला खोलीकरण हे आज सरकारी योजनांचं नेहमीचं काम आहे. २०१४च्या अखेरीस सुरू झालेलं जलयुक्त शिवार हे त्यातलं ठळक. उरलेला अर्धा भाग, म्हणजे पाण्याचं समान वाटप, मात्र मागेच राहिला. राज्याच्या २००५च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना मान्यता दिली, पण त्यातलं सभासदत्व लाभक्षेत्रातल्या जमीनधारकाला. भूमिहीन बाहेरच.

पाणी अडवायला यंत्र पुरतं, वाटायला नियम लागतो. नियमाशिवाय अडवलेलं पाणी ज्याचा पंप मोठा त्याच्याकडे जातं, आणि गाव पुन्हा टँकरची वाट पाहतं. म्हणून ज्या गावात जलसंधारणाचं काम मंजूर होईल, तिथल्या ग्रामसभेने पोकलेन येण्याआधी तीन गोष्टी लिहून काढाव्यात : पाणी कोणाला, किती आणि कोणत्या पिकाला.