शाळकरी पिचरची पारख कशी करतात? स्पीड गनचा आकडा सोडून स्काउट काय बघतो?

समजा, मुळशीतल्या चांदे गावात दहावीतला एक पोरगा आहे. टेनिस बॉलवर त्याच्यासमोर कुणी टिकत नाही. बाउंड्रीवरून थ्रो टाकला की थेट स्टंपात. गावातले जाणते म्हणतात, "पोराच्या हातात जोर आहे."

पण हा जोर नेमका किती, आणि पाच वर्षांनी किती असेल? अमेरिकेतले बेसबॉल क्लब याच प्रश्नासाठी पगारी माणसं ठेवतात. त्यांना स्काउट म्हणतात. आपल्याकडं शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे आणि वेगवान बॉलर तर गावोगावी आहेत. म्हणून ही पारख कशी होते, ते समजून घेऊया.

पिचरचं काम काय?

पिचर म्हणजे बेसबॉलमधला बॉलर, पण त्याला रनअप नसतो. मातीच्या उंचवट्यावर उभं राहून १८.४४ मीटरवरच्या होम प्लेटकडं तो बॉल फेकतो. टप्पा नाही, कोपर वाकवायला पूर्ण मोकळीक. बॉल साधारण १४५ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या लेदर बॉलपेक्षा थोडा हलका. रनअप नसल्यामुळं सगळा वेग पाय, कंबर, खांदा आणि कोपर यांच्यातूनच काढावा लागतो.

२० ते ८० ची पट्टी

स्काउट मार्क देतो ते २० ते ८० मध्ये. ५० म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू. फास्टबॉल, कर्व्ह किंवा स्लायडरसारखे वळणारे बॉल, हळू येऊन फसवणारा चेंजअप आणि नियंत्रण, या प्रत्येकाला वेगळे मार्क असतात.

खरी गंमत पुढं आहे. शाळकरी पोराला प्रत्येक रकान्यात दोन आकडे मिळतात, एक आजचा आणि एक उद्याचा. मेजर लीगमधला सरासरी फास्टबॉल ताशी १५० किलोमीटरच्या आसपास असतो. त्यामुळं ताशी १४० ने टाकणाऱ्या सोळा वर्षांच्या पोराचा आजचा आकडा ५० च्या खालीच येतो. स्काउटचा कस लागतो तो दुसऱ्या आकड्यावर.

उद्याचा आकडा कुठून येतो?

१. अंगकाठी : उंच, लांब हातापायांचा, रुंद खांद्यांचा पण अजून न भरलेला पोरगा असेल, तर वेग वाढायला जागा आहे. अंगानं पूर्ण भरलेला पोरगा आज जास्त वेगात टाकत असेल, पण त्याची वाढ संपत आलेली असू शकते.

२. ॲक्शन : प्रत्येक बॉलला हात त्याच जागेवरून सुटतो का? पाय पडल्यावर तोल जातो का? वेग सहज येतोय की पोरगा सगळं अंग ताणून काढतोय?

३. चेंजअप : हळू बॉल टाकताना हाताचा वेगही कमी झाला, तर पुढचा बॅटर लगेच ओळखतो.

४. शेवटची इनिंग : शाळेचे सामने सात इनिंगचे असतात. पहिल्या इनिंगचा वेग पाचव्या-सहाव्यात किती उरतो, ते बघायला चांगला स्काउट थांबतो.

५. बिनसल्यावरचं वागणं : स्ट्राइक झोनबाहेर चार बॉल गेले की बॅटर फुकटात पहिल्या बेसवर जातो. कधी सोबत्याच्या हातून कॅच सुटतो. त्यानंतरचा बॉल पोरगा कसा टाकतो, याची नोंद होते.

तरीही अंदाज चुकतात

मेजर लीगचा ड्राफ्ट १९६५ पासून होतो. त्यात सगळ्यात पहिली निवड म्हणून शाळकरी पिचर घेतला गेला तो फक्त तीनदा. डेव्हिड क्लाइडला १९७३ मध्ये शाळा संपताच, १८ व्या वर्षी थेट मेजर लीगमध्ये उतरवलं, पण कारकिर्दीत त्याच्या नावावर १८ विजयच लागले. १९९१ च्या ब्रायन टेलरचा खांदा एका मारामारीत जायबंदी झाला आणि तो मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. २०१४ मध्ये ब्रेडी एकनच्या वैद्यकीय तपासणीत कोपराबद्दल शंका आली, करार फिसकटला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली.

ही शस्त्रक्रिया म्हणजे 'टॉमी जॉन'. कोपराच्या आतल्या बाजूला हाडं बांधून ठेवणारं लिगामेंट फाटलं, की शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन तिथं बसवतात. डॉ. फ्रँक जोब यांनी ती १९७४ मध्ये टॉमी जॉन या पिचरवर पहिल्यांदा केली. त्यातून परतायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं.

म्हणून तिथं 'पिच स्मार्ट' नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. १५-१६ वर्षांच्या पोरानं दिवसाला जास्तीत जास्त ९५ बॉल टाकावेत आणि ७६ किंवा त्याहून जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती घ्यावी, असं ती सांगतात.

भारतात काय झालं?

२००८ मध्ये 'मिलियन डॉलर आर्म' या स्पर्धेतून उत्तर प्रदेशचे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल पुढं आले. दोघंही भालाफेकपटू, बेसबॉल न खेळलेले. रिंकूचा बॉल ताशी १४० किलोमीटरपर्यंत गेला. पिट्सबर्ग पायरेट्सनं दोघांना करारबद्ध केलं, पण मेजर लीगपर्यंत कुणीच पोहोचलं नाही. हातात जोर होता, पण अमेरिकन पोरं लहानपणापासून जे शिकतात, ते या दोघांना विशीत शिकायला लागलं.

उलट आपल्या श्रीरामपूरचा झहीर खान बघा. तो सतराव्या वर्षाच्या सुमारास मुंबईत आला. तिथं सुधीर नाईक यांच्यासारखा प्रशिक्षक आणि पुढं चेन्नईची एमआरएफ पेस फाउंडेशन मिळाली. शेवटी ९२ कसोटींत ३११ विकेट. जोर ओळखणारा भेटला आणि घडवणाराही.

मग चांद्यातल्या पोरासाठी काय करायचं?

एक वही करा. रोज किती बॉल टाकले, शेवटचे बॉल कसे पडले, दुखलं का, हे लिहा. कोपर किंवा खांदा दुखत असेल तर फायनल असली तरी त्याला बसवा आणि डॉक्टरांना दाखवा. दर सहा महिन्यांनी उंची-वजन मांडा आणि बाजूनं ॲक्शनचा व्हिडिओ काढा. उद्या एखादा प्रशिक्षक दारात आला, तर स्पीड गनच्या एका आकड्यापेक्षा ही वही त्याच्या जास्त कामाची असेल.