छेदाची रेषा आणि जखमेचे भवितव्य



प्रसूतिशास्त्रातील एका लहानशा रेषेचा इतिहास आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. सिझेरियन शस्त्रक्रियेत पोटाच्या त्वचेवर जो पहिला छेद घेतला जातो, ती ही रेषा. विषय वैद्यकाचा असला तरी तो आपल्या घरांपासून दूर नाही. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २१.५ टक्के जन्म या शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. आपण जेथे जमलो आहोत त्या तेलंगणात हे प्रमाण ६०.७ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक होते. छेद कोठे घ्यावा, या प्रश्नाने शल्यविशारदांना शंभराहून अधिक वर्षे गुंतवून ठेवले. जखम भरेल की पिकेल याचा निकाल मात्र पुष्कळ अंशी सुरी त्वचेला लागण्यापूर्वीच लागतो, हे मला या इतिहासातून दाखवावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपात ही शस्त्रक्रिया म्हणजे मातेला जवळजवळ मृत्युदंडच होता. रक्तस्राव आणि जंतुदोष हे तिचे दोन वैरी. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस याने डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मातांचा मृत्युदर जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास उतरला. तरीही त्याचे म्हणणे त्या काळी अनेकांनी झिडकारले. १८६७ मध्ये जोसेफ लिस्टर याने कार्बोलिक आम्लाचा प्रयोग प्रसिद्ध केला आणि १८८२ मध्ये माक्स झेंगर याने गर्भाशयाची जखम काळजीपूर्वक शिवण्याचा आग्रह धरला. त्यानंतरच या शस्त्रक्रियेतून माता वाचण्याची खरी आशा निर्माण झाली.

याच सुमारास, १८७९ मध्ये, रॉबर्ट फेल्किन या इंग्रज प्रवाशाने आजच्या युगांडातील काहुरा येथे एक शस्त्रक्रिया पाहिली. स्थानिक वैद्याने केळ्याच्या मद्याने आपले हात आणि स्त्रीचे पोट धुतले. नाभीखाली उभा छेद घेतला, रक्त येणाऱ्या जागी तापलेल्या लोखंडाचा डाग दिला, आणि जखमेच्या कडा लोखंडी सुयांनी जुळवून झाडाच्या सालीच्या दोऱ्याने बांधल्या. अकराव्या दिवशी जखम भरून आली होती. त्याचा छेद युरोपातील शल्यविशारदांसारखाच उभा होता. फेल्किनची नोंद वाचताना मला मोलाचे वाटते ते छेदाआधीचे धुणे आणि रक्तस्राव थांबविण्याची तत्परता.

उभ्या छेदाचा गुण म्हणजे वेग. पोट लवकर उघडते आणि गरज पडल्यास छेद वरपर्यंत वाढविता येतो. पण पुढे त्या जागी हर्निया होण्याचे भय असे. हा दोष टाळण्यासाठी ब्रेस्लाऊचे हेर्मान योहान्नेस फान्नेनश्टील यांनी १९०० मध्ये जघनास्थीच्या किंचित वर, त्वचेच्या घडीला अनुसरून आडवा छेद सुचविला आणि ५१ स्त्रियांवरील अनुभव मांडला. हा छेद जगभर रूढ झाला. त्यात स्नायूंवरील चिवट आवरण स्नायूंपासून सोडवावे लागते. तेथे लहान रक्तवाहिन्या तुटून रक्त साकळले, तर जंतूंना आयतेच आश्रयस्थान मिळते. त्याच फान्नेनश्टील यांचा १९०९ मध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, जंतुदोषानेच अंत झाला. पू झालेल्या एका रुग्णाची शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली होती.

१९५४ मध्ये सिडनी जोएल-कोहेन यांनी गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेसाठी थोडा वरच्या पातळीवरील सरळ आडवा छेद वर्णिला. त्यात आतील थर सुरीऐवजी बोटांनी हलकेच विलग केले जातात. १९८० च्या दशकात जेरुसलेमच्या मिसगाव लदाख रुग्णालयात मायकेल स्टार्क यांनी तो सिझेरियनसाठी स्वीकारला. २००७ च्या कॉक्रेन समीक्षेत दोन चाचण्यांतील ४११ स्त्रियांची तुलना आहे. त्यात या पद्धतीने शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रव ६५ टक्क्यांनी कमी आढळले. तेव्हा छेदाची पद्धत गौण नाही. कमी फाडणे, कमी रक्त आणि कमी वेळ यांचा लाभ मातेला होतो.

तथापि याहून मोठा लाभ अन्यत्र आहे. २०१४ च्या कॉक्रेन समीक्षेने ९५ अभ्यासांतील १५ हजारांहून अधिक स्त्रियांचा विचार केला. प्रतिबंधक प्रतिजैविकाने जखमेचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा संसर्ग सुमारे ६० ते ७० टक्क्यांनी घटतो, असे तीत दिसले. हे औषध पूर्वी बाळाची नाळ बांधल्यावर देत. आता ते छेदापूर्वी देण्याची शिफारस आहे, कारण सुरी लागते त्या क्षणी ते रक्तात आणि ऊतींत पोचलेले असावे लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत १,१४७ स्त्रियांच्या पोटाची त्वचा दोन वेगळ्या द्रावणांनी पुसण्यात आली. आयोडीन-अल्कोहोलच्या गटात ७.३ टक्के, तर क्लोरहेक्सिडीन-अल्कोहोलच्या गटात ४ टक्के जखमांना संसर्ग झाला. केवळ पुसण्याचे द्रावण बदलल्याने एवढा फरक पडला.

प्रसूतिकक्षात अनेक वर्षे काम करताना मी पाहिले आहे की, नातेवाईक टाक्यांविषयी विचारतात, व्रण दिसेल का हे विचारतात. हे प्रश्न स्वाभाविक आहेत. परंतु जखम पिकलेली बाळंतीण बाळाला नीट जवळ घेऊ शकत नाही. तिचे इस्पितळातील दिवस वाढतात आणि मजुरीवर चालणारे घर कर्जात जाते. म्हणून औषध छेदापूर्वी दिले जाते का, त्वचा कशाने पुसली जाते, घरी गेल्यावर जखमेची कोणती लक्षणे दिसताच परत यावे, हेही आपण निःसंकोचपणे विचारावे. प्रश्न विचारण्याची सवय आपल्याला याच शाळेने लावली आहे.

व्रणाची रेषा आडवी की उभी, हे आईला आयुष्यभर दिसत राहते. ती सुखरूप घरी परतली ते ज्यांमुळे, ते धुतलेले हात आणि वेळेवर टोचलेली सुई तिला दिसत नाहीत. वैद्यकाच्या इतिहासाने त्यांची आठवण ठेवावी, एवढेच निवेदन करून मी आपली रजा घेते.