हातांच्या मर्यादेसह ग्रंथवाचन

संधिवात, कंपवात, अर्धांगवायू, मणक्याची दुखापत किंवा स्नायूंचा क्षय यांमुळे पुस्तक धरणे वा पान उलटणे अवघड झालेल्यांचे वाचन. दृष्टी बहुधा शाबूत असते, म्हणून ही अडचण घरच्यांच्याही सहसा लक्षात येत नाही.

खरा त्रास पुस्तकाच्या बांधणीत असतो. डिंकाने चिकटवलेले जाड पुस्तक सोडले की मिटते. अंगठ्याने सतत दाबून धरावे लागते. शिवलेल्या बांधणीचे पुस्तक बरेच सपाट राहते. सुट्या पानांची जुनी पोथी तर पोथी ठेवायच्या व्यासपीठावर आपोआप उघडी राही. ही सोय आपण गमावली. आजही तिरके व्यासपीठ, पाने दाबणारा चाप, बोटाला घालायची रबरी टोपी किंवा दातांत धरून पान सरकवायची रबरी टोकाची काठी उपयोगी पडते. ई-पुस्तकात स्पर्शाने, आवाजाने किंवा एका बटणाने पान बदलता येते. बोलकी पुस्तके हा आणखी एक मार्ग. पण ऐकणे म्हणजे डोळ्यांनी वाचणे नव्हे, निवड वाचकाचीच हवी.

2013 च्या माराकेश कराराने पुस्तक धरू न शकणाऱ्यांनाही अंधांप्रमाणेच सुलभ, म्हणजे वापरता येतील अशा स्वरूपातील, प्रतींचा हक्क दिला. 2014 मध्ये त्याला सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होय. भारतीय कॉपीराइट कायद्यात 2012 सालीच तशी सवलत आली होती. 2016 मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही केवळ अंधांसाठी नाही. गावोगावच्या वाचनालयांनी या हक्काची व ग्रंथालयाची माहिती फलकावर ठळक लिहावी.