आशाकारिकवर्ग आणि त्याचें वेतन

प्रस्तुत टिपणास जो प्रसंग निमित्त झाला तो प्रथम सांगतों. आमचें केडगांव हें अहिल्यानगराजवळ (पूर्वीचें अहमदनगर) पुणें रस्त्यावरील जुनें खेडें. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. गरोदर स्त्रियांची व तान्ह्या मुलांची नोंद ठेवणारी एक आशा स्वयंसेविका आमच्या आळींत घरोघर फिरत असते. ती आमची एके काळची विद्यार्थिनी. गेल्या पावसाळ्यांत ती कांहीं कागद घेऊन आली आणि म्हणाली, "गुरुजी, ह्यांत सगळीकडं मानधन लिहिलंय, वेतन कुठंच नाही. दोन्हींत फरक काय हो?" सारा जन्म संस्कृत शिकविण्यांत घालविलेल्या मनुष्यास हा प्रश्न सुलभ वाटावा, परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आम्हांस जुने ग्रंथ व अलीकडचे सरकारी निर्णय दोन्ही चाळावे लागले. त्यांतून जें हातीं लागलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृतांत 'मानधन' हें विशेषण असून समास बहुव्रीहि आहे. मान हेंच ज्याचें धन, असा त्याचा अर्थ. भारवीनें किरातार्जुनीयाच्या पहिल्या सर्गांत दुर्योधनाच्या धनुर्धरांस हें विशेषण लाविलें आहे. परंतु त्याच चरणांत, ते योद्धे राजानें धन देऊन सत्कारिलेले आहेत, असेंही कवि सांगतो. वनेचर हें वृत्त युधिष्ठिरास कळवितो तें शत्रूचें बळ कशांत आहे हें दाखविण्यासाठीं. मान असलेल्यास धन नको, असा भारवीचा अभिप्राय नाहीं. दोन्ही मिळाल्यामुळेंच ते वीर प्राण वेंचण्यास सिद्ध आहेत. मराठींत हाच शब्द 'मानार्थ दिलेलें धन' ह्या अर्थीं रूढ झाला. एखाद्या वक्त्यास किंवा परीक्षकास प्रसंगीं द्यावयाची रक्कम ती मानधन, हा प्रयोग योग्यच आहे. बारा महिने चालणाऱ्या नेमस्त कामास हा शब्द केव्हां व कसा चिकटला, हा मात्र इतिहासाचा प्रश्न आहे.

वेतनाची गोष्ट निराळी. स्मृतिकारांनीं व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं, त्यांत वेतन न देणें हें एक स्वतंत्र विवादपद आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत तें आलें आहे. म्हणजे वेतन बुडाल्यास राजसभेंत दाद मागतां येत असे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांतील तेराव्या अध्यायांत अधिक तपशील मिळतो. बोलून ठरलें असेल तें वेतन द्यावें. ठरलें नसेल तर काम व काल पाहून द्यावें. न देईल त्यास दंड करावा. पुढें कौटिल्य एका निराळ्या वर्गाचा उल्लेख करतो. कारागीर, नट, चिकित्सक, परिचारक इत्यादि जे लोक मोबदला आधीं न ठरवितां मिळेल ह्या आशेवर काम करतात, त्यांस तो 'आशाकारिकवर्ग' म्हणतो. त्यांच्याविषयीं नियम असा कीं, तशाच प्रकारचें काम करणाऱ्या दुसऱ्यास जें मिळतें तें, किंवा जाणकार ठरवितील तें वेतन त्यांस मिळावें. 'आशा' हें आजचें नांव एका इंग्रजी पदवीच्या आद्याक्षरांपासून बनलेलें आहे. त्याचा कौटिल्याच्या शब्दाशीं ऐतिहासिक संबंध कांहींएक नाहीं. तथापि वैद्य व परिचारक हे आशेवर राबतात आणि म्हणूनच त्यांच्या वेतनास नियमाचा आधार हवा, ही जाणीव त्या ग्रंथांत स्पष्ट आहे.

येथें एक सावधगिरीची सूचना करणें अवश्य आहे. अर्थशास्त्राचें राज्य हें समतेचें राज्य नव्हतें. पांचव्या अधिकरणांतील वेतनांच्या यादींत मंत्री, पुरोहित, सेनापति यांस ४८,००० पण, चिकित्सकास २,००० पण आणि सर्वांत खालच्या परिचारकांस अवघे ६० पण आहेत. विष्टि, म्हणजे वेठ, हीही त्या राज्याला ठाऊक होती. तरी त्याच अध्यायांत असें सांगितलें आहे कीं, कामावर असतां मेलेल्यांच्या बायकामुलांस अन्न व वेतन मिळावें. साठ पणांचा चाकरही त्या यादींत आहे, आणि जो यादींत आहे त्यास मागण्याचा हक्क आहे. आम्ही जुन्या ग्रंथांतून घेतों तें एवढेंच.

आमच्या गांवगाड्यांत ही यादीच तोकडी पडली. बारा बलुतेदारांच्या रूढ याद्या पाहाव्या, त्यांत सुईण नाहीं. सुतारास, लोहारास, न्हाव्यास खळ्यावर वांटा. जिच्या हातीं साऱ्या गांवाचा जन्म झाला तिला लुगडें, चोळी, नारळ व पायलीभर धान्य, तेंही घरधन्याच्या ऐपतीप्रमाणें व मर्जीप्रमाणें. तिच्या कामाचा मान मोठा, पण हक्क नाहीं. मानधनाची ही जुनी, अलिखित आवृत्तिच म्हणावी लागेल.

आतां अलीकडच्या काळाकडे वळूं. १९४६ सालीं प्रसिद्ध झालेल्या भोर समितीच्या अहवालांत अखंड हिंदुस्थानांत सुमारें ७,००० परिचारिका, म्हणजे ४३,००० लोकांमागें एक, असा हिशेब दिला आहे. खेड्यांत तर कोणीच पोंचत नव्हतें. ही उणीव भरून काढण्याचा एक थोर प्रयोग आमच्याच जिल्ह्यांत, जामखेड येथें, डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्यानें १९७० सालीं आरंभिला. शिकलेल्या परिचारिका खेड्यांत राहावयास नाखूष, असें दिसून आल्यावर त्यांनीं गांवांतील, बहुधा निरक्षर व पुष्कळशा दलित, स्त्रियांनाच आरोग्यसेवेचें शिक्षण दिलें. ह्या स्त्रियांना पगार नव्हता. त्या आपल्या निर्वाहाचा उद्योग संभाळून हें काम करीत. परंतु दर आठवड्यास जामखेडास शिक्षण, मागें उभें असलेलें रुग्णालय आणि निवड करणारें गांव, हीं तीन पाठबळें त्यांना होतीं. आरोळे दांपत्यास १९७९ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें व जामखेडचें नांव जगभर झालें.

सरकारनें जामखेडापासून, आणि तशाच इतर प्रयोगांपासून, काय उचललें हें पाहणें उद्बोधक आहे. २ ऑक्टोबर १९७७ रोजीं केंद्र सरकारनें दर हजार वस्तीमागें एक 'कम्युनिटी हेल्थ वर्कर' नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचें शिक्षण, त्या काळांत दरमहा २०० रुपये, आणि नंतर दरमहा ५० रुपये मानधन. काम करणारा तो कामगार आणि त्यास वेतन, हा तर्क उघड होता, व नेमलेले लोक तसें बोलूंही लागले. १९८० सालीं 'वर्कर' जाऊन 'व्हॉलंटियर' आला; १९८१ सालीं त्याचाही 'हेल्थ गाइड' झाला. काम तेंच, रुपये तेच, नांव मात्र चार वर्षांत दोन वेळां पालटलें. प्रत्येक पालटानें तो मनुष्य सरकारी यादीपासून एकेक पाऊल दूर सरकला. पुढें २००२ सालीं केंद्राचें साहाय्यच थांबलें.

२००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानांत आशा आल्या. २०१३ सालीं नागरी अभियान मंजूर झाल्यावर केडगांवासारख्या शहराला जोडलेल्या वस्त्यांतही त्या दिसूं लागल्या. महाराष्ट्रांत त्यांची संख्या सुमारें ७०,००० आहे. महाराष्ट्रानें त्यांस नांव दिलें 'स्वयंसेविका'. मोबदला मुख्यतः कामागणिक: अमुक बाळंतपण रुग्णालयांत झालें तर इतके, अमुक बाळाचें लसीकरण पुरें झालें तर इतके. सर्वेक्षणें, नोंदवह्या, क्षयरोग्यांची औषधें, रात्रीं-अपरात्रीं रुग्णालयाची वाट, हीं कामें वाढत गेलीं. जामखेडची स्त्री गांवाला उत्तरदायी होती. ही स्त्री सरकारला उत्तरदायी आहे, तिच्या कामाचा हिशेब सरकार घेतें, पण तिचा मालक सरकार नाहीं! मे २०१३ मध्यें भारतीय श्रम परिषदेच्या ४५व्या अधिवेशनानें अशा योजनांवरील स्त्रियांस कामगार मानावें व किमान वेतन द्यावें, अशी शिफारस केली. कौटिल्याच्या भाषेंत, जाणकारांनीं आपला निर्णय दिला.

करोनाच्या साथींत ह्या विसंगतीचें टोक दिसलें. मार्च २०२० मध्यें केंद्रानें आरोग्यसेवकांसाठीं ५० लाख रुपयांचा विमा जाहीर केला. त्यांत डॉक्टर, परिचारिका, सफाई कामगार यांच्या पंक्तीस आशाही बसविल्या. कामावर मरण आलें तर ती डॉक्टरच्या बरोबरीची. जिवंत राहिली तर स्वयंसेविका. जून २०२१ मध्यें महाराष्ट्रांतील आशांनीं संप केला आणि मासिक रकमेंत १,००० रुपयांची व साथभत्त्यापोटीं ५०० रुपयांची वाढ मिळविली. मे २०२२ मध्यें जागतिक आरोग्य संघटनेनें भारतांतील आशांचा गौरव केला. मान झाला, धनासाठीं ऑक्टोबर २०२३ मध्यें पुन्हा संप करावा लागला. आश्वासन मिळालें, परंतु लेखी निर्णय निघेना. तेव्हां १२ जानेवारी २०२४ पासून काम पुन्हा थांबलें आणि राज्यभरच्या स्त्रिया मुंबईस आझाद मैदानावर येऊन बसल्या. मार्च २०२४ मध्यें दरमहा ५,००० रुपयांच्या वाढीचा निर्णय निघाला व ती नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाली. ह्या वाढीचें महत्त्व आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्या निर्णयांतही शब्द मानधन हाच आहे.

ह्यावर एक आक्षेप नेहमीं ऐकूं येतो: सेवेस मोल लावलें कीं सेवाभाव जातो. आम्ही शिक्षक होतों. विद्यादान हें पुण्यकर्म असें आम्हांसही सांगण्यांत येई. तथापि आमचें नांव वेतनपटावर होतें, आजारीपणाची रजा होती, आज निवृत्तिवेतन आहे, आणि त्यामुळें आमच्या शिकविण्यांतला भाव उणा झाला असें कोणी म्हटल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. जो न्याय आम्हांस लागला तो आमच्या विद्यार्थिनीस कां लागूं नये, ह्याचें उत्तर आम्हांस कोणत्याही ग्रंथांत सांपडलें नाहीं.

तिला आम्ही इतकेंच सांगितलें कीं, वेतन हें मागतां येतें, मानधन हें स्वीकारावयाचें असतें. आशाकारिक हा शब्दही समजावून दिला. ती हंसून म्हणाली, "म्हणजे आम्ही चाणक्यापासूनच आशेवर आहोत म्हणायचं!" लसीकरणाचा दिवस होता, ती निघून गेली.

शेवटीं मंडळाच्या सभासदांस एक विनंति. सनदा, महजर व बखरी आपण जपतों. तशाच ह्या स्त्रियांच्या नोंदवह्या, रकमांच्या पावत्या आणि संपाचीं पत्रकें आपापल्या गांवीं मिळवून दप्तरांत ठेवाव्या. सुईणीचा एकही कागद आपणांस उपलब्ध नाहीं, कारण तो कोणी ठेवण्याजोगा मानला नाहीं. ती चूक पुनः होऊं नये.